पाणीवाले डॉक्टर

धाराशिवला सोनोग्राफी करणारे आमचे डॉक्टर 'काही नाही' असं कधीच म्हणत नसत. तपासून झालं की म्हणायचे, "मला काही दिसलं नाही." पार आमच्या वाशी तालुक्यातून एसटीनं आलेल्या माणसाला धीराचा एक शब्द हवा असतो, तो ते देत नसत. "नसणं वेगळं आणि मला न दिसणं वेगळं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला त्याचा फार राग यायचा.

लोक त्यांना पाणीवाले डॉक्टर म्हणत. जठराची शंका आली की ते पेशंटला पोटभर पाणी पाजत, कुशीवर वळवत आणि पुन्हा बघत. रिकामं जठर चुरगळलेल्या पिशवीसारखं असतं, भरल्याशिवाय त्याची भिंत नीट दिसत नाही, असं समजावून सांगत. बाहेर लोक कुरकुरत बसायचे. यांना घाई म्हणून नसे. गार जेल बायामाणसांच्या पोटावर एकदम लागू नये म्हणून आधी स्वतःच्या तळहातावर घेत.

आईला चक्कर यायची, अंगात रक्त टिकत नव्हतं. शौचाला काळं होतं हे तिनं लाजेनं आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं, यांना सांगितलं. पाणी पाजल्यावर जठराच्या भिंतीत लिंबाएवढी गाठ दिसली. सोलापूरला दुर्बिणीनं तपासून तुकडा काढला आणि रिपोर्ट नॉर्मल आला. आम्ही आनंदानं रडलो. आई दुसऱ्याच दिवशी तुळजापूरला जाऊन देवीची ओटी भरून, बोललेला नवस फेडून आली. गावात पेढेही वाटले.

रिपोर्ट वाचून डॉक्टर म्हणाले, "हा खोटा नाही. पण तुकडा वरच्या अस्तराचा आहे. गाठ त्याच्या खाली, स्नायूत आहे. तिथपर्यंत चिमटा पोचलाच नाही." आता सीटी स्कॅन करायचा, आणि टोकाला सोनोग्राफी असलेली दुर्बीण घालून, सुईनं गाठीच्या आतला तुकडा काढायचा, असं त्यांचं म्हणणं होतं.

आई ऐकेना. "नवस फेडून आले म्या. आता परत तपासायचं म्हंजी देवीवर भरवसा न्हाय म्हणायचं." आम्ही हातापाया पडलो, भांडलो. ती जागची हलली नाही, आणि आतून रक्त तर जातच होतं. ती आता आमच्या हातची जाणार, असंच मला वाटू लागलं होतं.

एका रविवारी डॉक्टर स्वतः वाशीला आमच्या घरी आले. चहा घेतला आणि आईला विचारलं, "मावशी, नवस काय बोलला होता तुम्ही?"

"पोटातलं जाऊ दे, म्हणलं."

"ते तर अजून तिथंच आहे. मी बघितलंय. तुम्ही नवस लई लवकर फेडला."

आईनं रिकामी कपबशी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "व्हय की."

सुईनं काढलेल्या तुकड्यावरून नाव कळलं, जिस्ट. जठराच्या भिंतीतच वाढणारी, नेहमीच्या कॅन्सरहून निराळी गाठ. ती कुठं पसरली नव्हती. ऑपरेशन झालं, आई चालत घरी आली. अंगात थोडी ताकद आल्यावर तिनं पुन्हा तुळजापूरला जायचं ठरवलं.

निघायच्या सकाळी फोन आला. डॉक्टर पहाटे हृदयविकारानं गेले होते. मी कसंबसं आईला सांगितलं. तिनं ओटीचं सामान पिशवीतून काढून ठेवलं, डोक्यावरून आंघोळ केली आणि ओल्या केसांनीच दारात येऊन बसली.

"निघाला न्हाय व्हय अजून?" शेजारणीनं विचारलं.

"देवी थांबंल," आई म्हणाली. "आमच्या घरात सुतक हाय."