तळ्यातले जिताडे

ज्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याची नोकरी गेली, त्या उन्हाळ्यात आम्ही दुबईकडच्या अल ऐनच्या बाहेर एका शेतावरच्या तळ्यात जिताडे पकडायला जायचो. हे सांगितलं की लोक हसतात. वाळवंटात कसले जिताडे? पण होते. मी स्वतः पकडले आहेत.

नवरा एका कंत्राटदार कंपनीत स्टोअर सांभाळायचा. प्रोजेक्ट संपला, पुढचा मिळाला नाही, आणि ईस्टरनंतर त्याच्यासकट बऱ्याच जणांना घरी बसवलं. मी हॉटेलात फ्रंट ऑफिसला होते. माझी नोकरी चालू होती, म्हणून त्याला माझ्या व्हिसावर घेतलं. व्हिसाचे फॉर्म भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधल्या माणसाला तो हसत हसत म्हणाला, "अब मॅडम मेरी स्पॉन्सर है." तो माणूसही हसला. गाडीत बसल्यावर मात्र नवऱ्याने पावती चुरगळून डॅशबोर्डच्या कप्प्यात कोंबली.

मग तो इस्त्री करायला लागला. सकाळी लॅपटॉपवर दोन-चार ठिकाणी सीव्ही पाठवायचा आणि इस्त्रीचं टेबल उघडायचा. आधी शर्ट, मग चादरी, मग टॉवेल, भांडी पुसायचे कपडे. नववीतली आमची लेक एकदा मोजे हातात धरून माझ्याकडे आली. "मॉम, ही आयर्न्ड माय सॉक्स." ती हसत नव्हती.

मला तो घराबाहेर पडायला हवा होता. पण अल ऐनमध्ये मे महिन्यात बाहेर पडून जायचं कुठे? मॉलमध्ये गेलं की ओळखीचं कुणीतरी भेटणार आणि विचारणार, "मग, सध्या कुठे?" म्हणून त्याने मॉल सोडला होता. चर्चलासुद्धा तो मागच्या बाकावर बसून शेवटच्या आशीर्वादाआधी उठायचा.

आमच्या हॉटेलला भाजी आणि खजूर पुरवणाऱ्या शेताचा मुकादम पेशावरकडचा, साठीचा माणूस होता. सगळे त्याला चाचा म्हणायचे. एकदा मागच्या दाराशी पिकअप उभी करून तो सांगत होता की, त्याच्या अरबाबने, म्हणजे मालकाने, हौसेने तळ्यात जिताड्याची पिल्लं सोडली होती, आता ती हातभर झालीत आणि खायला कुणी येत नाही. मी विचारलं, "चाचा, हम पकडें तो?" तो म्हणाला, "जितना मर्जी पकडो, मॅडम. अरबाब तो गर्मी में बाहर चला जाता है."

मी वसईची. आमच्या वाडीत बावखल होतं, झाडांना पाणी द्यायचं लहानसं तळं. उन्हाळ्यात पाणी गुडघ्यावर यायचं आणि पाणगवत माजायचं. तेव्हा बाबा मला बांबूची काठी देऊन मरळ पकडायला बसवायचे. नवरा माहीमच्या बिल्डिंगीत वाढलेला. मासा त्याने फक्त बाजारात पाहिलेला. म्हणून ते मला शिकवावं लागलं, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडलंही. कारण बाकी सगळीकडे मी त्याच्यापुढे जपून बोलायला लागले होते. तळ्यावर मला त्याला रागावता यायचं.

माझी सुट्टी मंगळवारी असायची. पहिल्या मंगळवारी आम्ही पहाटे निघालो. उजाडलं तेव्हा तळ्यावर होतो. खजुरांच्या रांगांमागे एक पसरट खड्डा, कडेला वेताचं बन, मध्यावरही पाणी कमरेपेक्षा खोल नसेल. आणि जवळजवळ सगळ्या पाण्यावर पाणगवताची हिरवी साय. मोकळं पाणी फक्त तुकड्यातुकड्यांनी दिसत होतं.

त्याने पहिलाच गळ नेमका गवताच्या मध्ये टाकला. ओढला तर किलोभर शेवाळ वर आलं.

"अरे, गवतात नाही टाकायचा. गवताच्या कडेला टाक. मासा आत सावलीत बसतो आणि बाहेर बघतो."

"तुला कसं माहीत?"

"तू बसला असतास या उन्हात, तर कुठे बसला असतास?"

मी त्याला गळाचं टोक कोळंबीच्या अंगात लपवायला शिकवलं, म्हणजे ते गवतात अडकत नाही. गवताच्या पाठीवरून दोरी हळू सरकवायची, मोकळ्या पाण्याशी आली की थांबायचं. जिताडा घास घेतो तेव्हा 'भप्प' असा आवाज होतो, पालथं भांडं पाण्यावर आपटल्यासारखा. तो आवाज ऐकून लगेच ओढायचं नाही. हेच त्याला जमेना. दोनदा त्याने घाईने हिसका दिला आणि रिकामा गळ वर आला. तिसऱ्यांदा मी त्याचं मनगट धरून ठेवलं. "थांब. थांब. आता ओढ." दोरी ताणली गेली, गवताखालून चांदीसारखं काहीतरी उसळलं, आणि तो चिखलात मागे सरकत सरकत मासा ओढत आला. फार मोठा नव्हता, पण जिवंत, जड, डोळ्यांत लालसर झाक असलेला जिताडा. नवरा एवढ्या मोठ्याने हसला की वेतातले बगळे उडाले. किती आठवड्यांनी असा हसला होता. त्या दिवशी मला वाटलं, निघेल हा यातून.

तो काळ बरा गेला. शारजाहच्या अल मजाजला राहणाऱ्या त्याच्या मावसभावाने एका कंपनीत शब्द टाकला होता. मुलाखत झाली. चांगली झाली, म्हणाला. मॅनेजर निरोप देताना म्हणाला होता, "इन्शाल्ला, वी विल कॉल यू." त्या 'इन्शाल्ला'वर आम्ही दोघं रात्रीच्या जेवणाला चर्चा करायचो. कोणत्या सुरात म्हणाला? हात मिळवताना म्हणाला की दार उघडताना?

"दार उघडताना," नवरा म्हणाला, आणि विषय संपला.

जुलैपासून तो रोज तळ्यावर जायला लागला. मला हॉटेलवर सोडून गाडी घेऊन जायचा. मंगळवारी मी बरोबर असायचे. एव्हाना मासा घास घेईनासा झाला होता. पाणी हाताला कोमट लागायचं. जे काही व्हायचं ते सूर्य वर येण्याच्या आत, नंतर नुसतं बसायचं. त्याने शारजाहहून गवतावरून सरकवायचा रबरी बेडूक मागवला, जाड दोरी आणली. मला माहीत होतं ते सगळं सांगून झालं होतं. बावखलात चालायचं ते इथे चालत नव्हतं, आणि का चालत नव्हतं ते मला कळत नव्हतं.

तळ्यात एक मोठा जिताडा होता. आम्ही दोघांनी पाहिला होता. वेतालगत एक खजुराची झावळी पाण्यात पडली होती, तिच्याखालून तो कधीतरी हळूच बाहेर यायचा आणि वळायचा. एकदा त्याने बेडूक घेतलाही. नवऱ्याने घाई केली नाही, अगदी बरोबर थांबला, बरोबर ओढलं. मासा सरळ गवतात शिरला, डोकं झटकलं, आणि कल्ल्याच्या धारेने दोरी कापून गेला. नवरा तुटलेलं टोक बोटांत धरून बराच वेळ बघत राहिला.

"तुझं काही चुकलं नाही," मी म्हटलं.

"तेच तर," तो म्हणाला.

त्याच सुमारास एका मंगळवारी तळ्यावर असताना त्याचा फोन वाजला. दुबईचा नंबर. तो नुसता स्क्रीनकडे बघत बसला.

"उचल ना!"

"कशाला?"

"अरे, नाही म्हणायला कोणी फोन करतं का? उचल!"

त्याने उचलला, उभा राहिला, शर्ट नीट केला. "येस, स्पीकिंग." मग ऐकत राहिला. मग म्हणाला, "नो, आय डोन्ट नीड अ क्रेडिट कार्ड." आणि खाली बसून पुन्हा दोरी गुंडाळायला लागला. मला हसू आलं, त्याच्याकडे पाहिलं आणि ते जिरवलं.

ऑगस्टमध्ये तळ्याला पाणी देणारी मोटर बिघडली. चाचाने आम्हाला सांगितलं, मेकॅनिक पाहून गेलाय, पार्ट मागवायचाय, पण अरबाब बाहेरगावी आहे आणि फोन उचलत नाही. खजुरांना मात्र पाणी लागतच होतं, ते तळ्यातूनच उपसलं जात होतं. आठवड्याभरात पाणी निम्मं झालं. गवत पिवळं पडलं, मग तपकिरी, आणि कुजायला लागलं.

त्या मंगळवारी आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा वासावरूनच मला कळलं. सगळे मासे वर आले होते. उरलेल्या पाण्यात तोंडं वर काढून हवा खात होते. शेकडो तोंडं, एकाच वेळी उघडत, मिटत. काही कुशीवर झाले होते. आवाज असा नव्हताच, फक्त बारीक चप्-चप्.

"मोकळं पाणी करायला हवं," नवरा म्हणाला. तो पॅंट न दुमडताच आत उतरला. दंताळ्याने कुजकं गवत ओढून काठावर फेकायला लागला. मी चाचाच्या खोलीतून बादली आणली आणि पाणी भरून वरून ओतायला लागले, तेवढीच हवा मिसळेल म्हणून. चाचा काठावर उभा राहून बघत होता. "छोडो, मॅडम. खलास. आज नहीं तो कल." त्याची माणसं पोती घेऊन आली आणि जिवंत होते ते मासे हातांनी गोळा करायला लागली. कुणाला गळ लागत नव्हता, जाळं लागत नव्हतं.

सूर्य डोक्यावर यायला लागला तरी नवरा थांबेना. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी ओरडले तेव्हा तो वेतालगत खाली वाकला होता. त्याच्या दोन्ही हातांत तो मोठा जिताडा होता. तो त्याला पाण्यात पुढे-मागे सरकवत होता, कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून. बराच वेळ सरकवला. मासा हलला नाही. त्याने काही झटकलं नाही, काही कापलं नाही.

चाचाने तो मासा पिशवीत घालून आमच्या गाडीत ठेवला. मी घरी येऊन आमच्या वसईच्या बाटली मसाल्यात त्याचं कालवण केलं. टाकून द्यायला हवा होता, पण इतका मोठा मासा टाकवेना. लेकीने एक घास घेतला आणि ताट सरकवलं. "मॉम, इट टेस्ट्स लाइक मड." खरंच चिखलाचा वास होता, भातापर्यंत उतरलेला. नवऱ्याने मात्र सगळं खाल्लं. पुन्हा वाढून घेतलं. काटे ताटाच्या कडेला नीट लावले आणि म्हणाला, "मी जातो गावी."

"थोडं थांब. सप्टेंबरमध्ये हायरिंग सुरू होतं."

"मी जातो," तो पुन्हा म्हणाला. रागाने नाही.

मी फार अडवलं नाही. लेकीचं दहावीचं वर्ष तोंडावर होतं, तिची शाळा आणि माझी नोकरी इथे होती, म्हणून आम्ही दोघी राहिलो. तो वसईजवळच्या नायगावला भावाकडे गेला. भावाच्या ओळखीने एका कोल्ड स्टोरेजमध्ये बसतो. पगार नावापुरता आहे. सुरुवातीला रोज फोन व्हायचा, मग शुक्रवारी, आता काही काम असेल तर. लेक त्याच्याशी इंग्रजीत बोलते आणि तो मराठीत उत्तर देतो. कधी कधी दोघंही गप्प असतात, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडते, "अगं, बोल ना पप्पांशी."

नाताळला आम्ही गेलो होतो. तो विमानतळावर घ्यायला आला, आमच्या बॅगा उचलल्या, वसईत माझ्या आईला काय काय हवंय ते सगळं त्याला पाठ होतं. भावाच्या घरात त्याला कोपऱ्यातली एक खाट आहे. घरातली पोरं त्याला हाक मारून कामं सांगतात आणि तो करतो. एका दुपारी कुणी नसताना मी त्याला विचारलं, "परत येतोस का? तुझा व्हिसा अजून चालू आहे, बघू काहीतरी."

तो विचार करून म्हणाला, "येऊन काय करू? तूच सांग."

मी सांगायला तोंड उघडलं. मावसभाऊ, नवीन कंपन्या, लोक म्हणतात मार्केट सुधारतंय. एकाही गोष्टीवर माझा विश्वास नव्हता आणि त्याला ते दिसत होतं. तो उठला आणि आमच्यासाठी चहा ठेवायला आत गेला.

जानेवारीत लेक आणि मी परतलो. विमानतळावरून घरी येताना ती टॅक्सीत झोपली. दार उघडायला घरी कुणी नव्हतं, चावी माझ्याकडेच होती.