उजव्या मनगटाची दाढी

सलूनवाल्या काकांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गळ्यावर वस्तरा फिरवला, पण स्वतःच्या अंगाला दुसऱ्याचं पातं कधी लागू दिलं नाही. डोक्यावरचे केससुद्धा ते दोन आरसे समोरासमोर लावून स्वतःच कापायचे. मागची बाजू जरा वरखाली व्हायची, पण काकू सोडल्या तर तसं बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती. माणूस तसा लोण्यासारखा मऊ, कामाच्या बाबतीत मात्र भलताच नखरेल.

दुकान खाली आणि घर वर. एके दिवशी तोच रोजचा जिना चढताना काकांच्या छातीत कळ आली आणि ते मधल्या पायरीवर बसले ते बसलेच. डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली. उजव्या मनगटातून बारीक नळी घालायची, ती थेट हृदयापर्यंत न्यायची आणि कुठे काही अडलंय का ते पडद्यावर पाहायचं. हृदयाचं नाव ऐकून काका फारसे हलले नाहीत. ‘उजव्या मनगटातून’ ऐकल्यावर मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“डाव्यातून घाला की,” ते म्हणाले. “डाव्या हातानं मी नुसती गिऱ्हाइकाची मान वळवतो.”

“उजवा सोपा पडतो, काका. हाताला काही होत नाही.”

“तुम्ही करून घेतलीय?”

डॉक्टर हसून पुढच्या पेशंटकडे वळले. काकांचा तिथेच विश्वास उडाला.

वॉर्डात त्यांच्या एका बाजूला निवृत्त गणिताचे मास्तर होते आणि दुसऱ्या बाजूला एक आडदांड बस ड्रायव्हर. ड्रायव्हरला आदल्याच दिवशी अशीच नळी घालून स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवली होती. मास्तरांची अँजिओग्राफी जुनी होती, पाच वर्षांपूर्वीची. दोघांनी काकांना धीर द्यायचा चंगच बांधला होता. मास्तर म्हणायचे, शंभरात नव्याण्णव जणांना काही होत नाही. काका विचारायचे, शंभरावा कोण? मग मास्तर चष्मा पुसत बसायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं प्लास्टिकचा एक रेझर आणला. “मनगटावरचे केस काढायचेत. माणूस पाठवते.”

“मी असताना माणूस कशाला?” काका म्हणाले. रेझर उलटसुलट करून त्यांनी नाक मुरडलं आणि साबणाचा फेस करायला घेतला.

अर्ध्या तासानं सिस्टर आली तेव्हा काकांचा हात मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत झाला होता. फक्त तो डावा होता.

“काका! उजवा सांगितला होता ना?”

सगळ्यांना वाटलं, काकांनी मुद्दाम केलं. पण तसं नव्हतं. हातात रेझर आला की तो उजव्यातच यायचा, आणि मग दाढी करायला समोर उरला तो डावा. कोपर आलं तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी रेझर खाली ठेवला. उजव्या मनगटावर रेझर चालवायला त्यांच्याकडे हातच नव्हता.

“बॅग भर,” ते काकूंना म्हणाले. “घरी जाऊ. छातीचं बघू नंतर. ह्या हाताला काही झालं तर मी दुकानात बसून काय करू गं? पेपर वाचू?”

काकूंनी बॅग मांडीवर घेतली, पण उघडली नाही.

“काका, हात इकडे,” ड्रायव्हर स्टूल ओढत म्हणाला आणि त्यानं सरळ रेझर उचलला. त्याच्या उजव्या मनगटावर नळीचा काळानिळा डाग अजून ताजा होता. “मास्तर, साबण धरा.”

“जपून. ओळ तिरकी जातेय,” मास्तर म्हणाले.

“मास्तर, मी बस चालवतो, भूमिती नाही.”

काकांनी आधी डोळे मिटले. मग उघडले, आणि रेझरकडे नाही, तर ड्रायव्हरच्या बोटांकडे पाहू लागले. हातांची पारख त्यांना होती. ह्याच हातातून परवा नळी गेली होती. तरी अंगठा ताठला नव्हता, आणि मनगटाच्या हाडापाशी पातं अलगद वळलं.

“अंगठा जरा सैल धरा,” काकांच्या तोंडून निघून गेलं.

“मागून सूचना देणारे मला रोज भेटतात,” ड्रायव्हर म्हणाला. “झालं. काही राहिलं का?”

हाडाजवळ एक पुंजका चांगला ठसठशीत राहिला होता.

“काही नाही. झकास झालंय,” काका म्हणाले. कामाच्या बाबतीत चाळीस वर्षांत ते पहिल्यांदाच खोटं बोलले.

“मग ऐका. मला उद्या सोडणारेत. मी दाढी वाढवून बसतो. तुम्हीच करायची, ह्याच हातानं.”

काकूंनी बॅग गुपचूप पलंगाखाली सरकवली.

अँजिओग्राफीच्या टेबलावर काकांना घेतल्यावर डॉक्टरांनी मनगट पाहिलं आणि थबकले. “ही कुणी केली?”

“आमच्या ड्रायव्हरनी,” काका तोऱ्यात म्हणाले. “नवीन आहेत. पण हात चांगला आहे.”

सुई टोचली, हातातून काहीतरी ऊन ऊन सरकलं, आणि थोड्याच वेळात सगळं आटोपलं. एक अडथळा होता, पण गोळ्यांवर भागण्यासारखा. संध्याकाळपर्यंत मनगटाला घट्ट पट्टा होता आणि बोटं बधिर. काका अंगठ्याकडे टक लावून बसले. “माझंही असंच होतं,” ड्रायव्हर म्हणाला. “पट्टा काढू द्या.”

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सुट्टीचा कागद हातात पडला, बायको कपडे घेऊन आली, तरी ड्रायव्हर गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसून होता. सिस्टरनं हळू हातानं करायला सांगून परवानगी दिली. काकांनी तोच प्लास्टिकचा रेझर घेतला. पहिला हात गालावरून फिरला आणि वाढलेल्या दाढीची खरखर अंगठ्याला लख्ख जाणवली. काकांचे डोळे भरून आले. ते त्यांनी बाहीला पुसले आणि पुढची अख्खी दाढी एकदाही न थांबता केली. तोवर ड्रायव्हर तोंड उघडं टाकून झोपीसुद्धा गेला होता.

मास्तरांनी वाकून पाहिलं. “काका, कानाखाली थोडं राहिलंय.”

“राहू द्या,” काका रेझर धूत म्हणाले. “तेवढ्यासाठी येतील ते दुकानात.”