गच्चीवरची अस्वलं

आमच्या सासूबाई अस्वलं पाळतात, असं मी माहेरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझे वडील हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. ही अस्वलं म्हणजे टाचणीच्या डोक्याहून लहान, आठ पायांचे, अस्वलासारखे दिसणारे जीव असतात आणि गच्चीच्या कठड्यावरच्या शेवाळात राहतात, हे ऐकल्यावर तो घास तोंडात गेला.

सासूबाई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. निवृत्त होताना शाळेने भंगारात काढलेला मायक्रोस्कोप त्यांनी मागून आणला, आणि तेव्हापासून आमच्या घरातल्या एकाही बशीचा भरवसा उरला नाही. शेवाळाचा तुकडा रात्रभर बशीत भिजवायचा, सकाळी पिळायचा आणि थेंब थेंब तपासायचा, हा त्यांचा उद्योग. वाघ-हत्तींसाठी सगळं जग रडतं, यांच्यासाठी कोण रडणार, असं त्या म्हणतात आणि स्वतःच हसतात.

कठड्याच्या एका कोपऱ्यात पाठीवर काटे असलेलं अस्वल होतं. किती भिंती खरवडल्या, पण ते दुसरीकडे कुठे सापडलं नाही. त्या कोपऱ्यावर सासूबाईंचा भारी जीव.

सासरे इमारतीचे सेक्रेटरी. छत गळायला लागलं आणि गच्चीचं काम निघालं. तेवढा कोपरा सोडायला सांगतो, असा त्यांनी शब्द दिला, म्हणून सासूबाई निर्धास्तपणे बहिणीकडे राहायला गेल्या. सासऱ्यांनी कामगारांना सिमेंट कुठलं, उतार कुठे, सगळं सांगितलं. कोपऱ्याचं तेवढं विसरले. दुपारी वर जाऊन बघतात तर कठडा लख्ख. त्यांचं धाबं दणाणलं. राडारोड्यातून हाती लागेल तेवढं शेवाळ वेचून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलं, पलंगाखाली सरकवलं आणि मला तोंडावर बोट ठेवून दाखवलं.

सासूबाई आल्या त्या पिशवी खाली न ठेवताच गच्चीवर गेल्या. खाली येऊन पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचे डोळे भरलेले पाहून सासऱ्यांनी मुकाट्याने पुडकं बाहेर काढलं. शेवाळ वाळून कुरकुरीत झालं होतं.

"उन्हात टाकलं होतंत का?"

"नाही गं. लपवलं होतं. तुझ्या भीतीने."

सासूबाईंचा चेहराच बदलला. सावलीत हळूहळू वाळलं की ही अस्वलं अंग आक्रसून पडून राहतात आणि पाणी मिळालं की उठतात, असं त्यांनी सांगितलं. घरातल्या सगळ्या बश्या कामाला लागल्या. सकाळी साधी अस्वलं चालू लागली, काटेवालं मात्र दिसेना. बघून बघून सासूबाईंचे डोळे थकले, तेव्हा इतक्या वर्षांत मायक्रोस्कोपच्या नळीला एकदाही डोळा न लावलेले सासरे खुर्चीत बसले. त्यांना धुळीचा कणही अस्वल वाटायचा. आम्ही दोघी त्यांची यथेच्छ थट्टा करत होतो.

"अगं, याच्या पाठीवर काहीतरी आहे."

सासूबाईंनी त्यांना खुर्चीसकट बाजूला सारलं. बराच वेळ पाहिलं. चालतंय, एवढंच म्हणाल्या आणि सासऱ्यांच्या खांद्यावर डोकं टेकून चक्क रडल्या. मी चहा टाकायला गेले.

आता त्या कोपऱ्यात खडबडीत विटा मांडल्या आहेत, त्यांवर शेवाळ धरलंय आणि पाण्याची झारी सासऱ्यांच्या ताब्यात आहे. परवा एक नवे शेजारी खराटा घेऊन तो कोपरा साफ करायला निघाले. सासरे दोन-दोन पायऱ्या चढत वर पोचले.

"तिथे नको," ते धापा टाकत म्हणाले. "तिथे आमच्या घरचे राहतात."