रिकाम्या पाकिटावर गोळी नाही

हिंगोलीच्या डॉक्टरांनी सुमनचा रिपोर्ट वाचला त्या दिवशी आमच्या घरातलं सगळं बदललं. तिचं क्रिएटिनिन वाढलं होतं. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा, पण रक्तात साठत गेलेला कचरा. "शुगरमुळे किडन्या गेल्या. आता डायलिसिस," डॉक्टर म्हणाले. म्हणजे यंत्रातून रक्त गाळून घेणं.

सुमन माझी बायको. जवळा बाजारला तिचं मेडिकल होतं, फार्मासिस्ट तीच. तुमच्या घरी असा पेशंट असेल तर एवढंच सांगतो, त्याचं काम काढून घेऊ नका. डायलिसिस नसेल त्या दिवशी ती काउंटरवर बसायची. मी शेजारी पुस्तक घेऊन.

आठवडी बाजाराला तांड्यावरून एक जण येतो आणि चार घरांच्या गोळ्या नेतो. चिठ्ठी नसते, रिकामं पाकीट दाखवतात. एका बाजारी शेवंता सासूचं पाकीट घेऊन आली.

"गुडघ्याच्या गोळ्या द्या ताई. चार पाकिटं."

"सासूबाईंना फोन लाव."

"गोळ्या द्यायच्या हायत का सोयरीक जमवायची?" शेवंता हसली, पण फोन लावला.

सुमनने म्हातारीला विचारलं, बीपीची गोळी चालू आहे का, पाय सुजतात का, लघवी कमी झाली का. प्रत्येक वेळी उत्तर आलं, "व्हय."

"दुखण्याच्या या गोळ्यांनी किडनी जाते. मी देत न्हाई. आजच हिंगोलीला ने त्यांना."

"काहून? दुसऱ्या दुकानात भेटतात की."

सुमनने डावा हात पुढे केला. तिथे फिस्टुला होता, म्हणजे डायलिसिससाठी एकमेकींना जोडलेल्या रक्तवाहिन्या. "बोट ठेव."

शेवंताने ठेवलं. कातडीखालची थरथर बोटाला जाणवताच तिने हात मागे घेतला.

"किडनी गेली की हे असं," सुमन म्हणाली.

शेवंता दुसऱ्या दुकानात गेली नाही. सासूला आणायला तांड्यावर गेली.

म्हातारीची किडनी निम्मी वाचली. डॉक्टर शेवंताला म्हणाले, "गोळ्या वेळेवर थांबल्या, म्हणून यंत्र टळलं."

सुमन उन्हाळ्यात गेली. म्हातारी भेटायला आली, स्वतःच्या पायांनी.

"लई भांडखोर होती तुमची बाई," ती म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. सुमनचं एवढं कौतुक मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेलं नाही.

आता दुकानात आमची मुलगी बसते. तीही फार्मासिस्ट आहे. रिकामं पाकीट पुढे आलं की ती म्हणते, "फोन लावा." मी शेजारी पुस्तक घेऊन बसतो.