सोलं आणायला उतरलेला इद्रीस

इद्रीस म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, गनीच्या, मावशीचा मुलगा. आईबाप लवकर गेले, म्हणून माझ्या सासूच्या चुलीवरच वाढला. लग्न झाल्यावर राजिवड्यात आमच्या पलीकडच्या घरात बिऱ्हाड केलं. मला भाबी म्हणायचा. उंचीनं बेताचा, बोलायला मऊ, पण जेवणाच्या बाबतीत असा नवाब की मासळीचं सालन जरा कमी आंबट झालं तर ताटावर रुसून बसायचा. सासूबाई म्हणायच्या, "ह्याला पोरगी देईल त्याचं अल्लाच भलं करो." पोरगी मिळाली ती जयगडची शमीम. तिला स्वयंपाकातलं काही येत नव्हतं. इद्रीसनंच तिला मासळी साफ करायला शिकवलं. आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसायचो.

तो बोटीवर भंडारी होता. जातीचा भंडारी नव्हे हो, बोटीवर खलाशांचा स्वयंपाक करतो त्याला भंडारी म्हणतात. वर्षातनं एकदा घरी यायचा, महिनाभर राहायचा, परत जायचा. शमीमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, पण त्यातला संसार मोजायला गेलं तर हाताच्या बोटांवर आटपला असता.

सन चोपन्न की पंचावन्न, नक्की सांगता येत नाही. बुधवारी मुंबईच्या आगबोटीनं अस्लम आला. इद्रीसच्याच जहाजावरचा खलाशी. थेट आमच्या पडवीत येऊन उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. गनीला म्हणाला, "कोलंबोच्या बंदरात होडी उलटली. इद्रीस जहाजाकडे परत येत होता. दोघं मेलेले सापडले. तो नाही."

मी तांदूळ निवडत होते. सूप हातात तसंच राहिलं. गनी त्याला एकच गोष्ट परत परत विचारत होता, "तू बघितलंस? डोळ्यांनी बघितलंस?" अस्लम म्हणाला, "सगळ्यांनी बघितली ना होडी. त्याच होडीनं यायचा होता तो."

शमीमला सांगायला मी गेले. ती रडली नाही. मला म्हणाली, "अस्लमभाईनं होडी बघितली. माणूस बघितला काय?" म्हणजे न ऐकतासुद्धा ती गनीचाच प्रश्न विचारत होती.

आमच्यात मय्यत समोर नसली तरी जनाजा पढतात. आम्ही शाफई पंथाचे, आमच्यात चालतं. माणूस परमुलखात गेला, पाण्यात गेला, तर इथं मशिदीत नुसती रांग धरून उभे राहतात आणि त्याच्या नावानं नमाज होते. गनीनं ठरवलं, शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की पढायचं. आणि एकदा जनाजा झाला की बाईच्या बांगड्या उतरायच्या, पांढरी ओढणी यायची, आणि ती इद्दतीला बसायची, चार महिने दहा दिवस घरातच. ही रीत सांभाळायला मोहल्ल्यात झुबेदाखाला होती. कुणाच्या घरी काय झालं की सगळ्यांच्या आधी तिची पावलं. बोलायला अशी की नारळ सोलावा.

शुक्रवारी पुरुष मशिदीत गेले आणि इकडे शमीमच्या घरात बायका जमल्या. मधल्या खोलीत शमीम भिंतीला टेकून, दोन्ही हात काखेत धरून बसलेली. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. रमजान ईदला इद्रीसनंच पाठवलेल्या.

झुबेदाखाला म्हणाली, "दे गो हात."

"नाही."

"तिकडे जनाजा होतोय."

"होऊ दे. त्यांनी बघितलं नाही, मी पण बघितलं नाही."

"अगो, दर्यात गेलेला माणूस बघायला मिळतो काय कधी? माझा बाप गेला तो मला दिसला? बांगड्या अंगावर ठेवून तो काय पोहत येणाराय?"

कुणीतरी हळूच रडायला लागली. शमीम तशीच. बुधवारपासून तिच्या पोटात पेजेशिवाय काही नव्हतं. झुबेदाखालानं तिच्या मनगटाला हात घातला तर तिनं असा हिसडा दिला की म्हातारी मागे कलंडली. दोघींनी तिला उठवून बसवली. बाहेर माडाच्या झावळ्या वाजत होत्या.

आणि मग शमीमनं स्वतःच हात काखेतनं काढला. माझ्याकडे पुढे केला. "भाबी, तुम्ही काढा. तुमचा हात हलका आहे. फोडू नका."

साबणाचं पाणी आणलं. एक काढली. दुसरी काढली. तिच्या हाताला काही जोरच नव्हता, मेलेल्या माशासारखा माझ्या मांडीवर पडलेला. तिसरी बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडकली होती, एवढ्यात गल्लीतनं गनीची आरोळी आली.

माझ्या नवऱ्याला मी कधी धावताना पाहिलं नव्हतं. डोक्यावर टोपी नाही, पायात चप्पल नाही, लुंगी एका हातात धरलेली. बायकांच्या खोलीत पुरुषानं यायचं नसतं हेसुद्धा विसरून उंबऱ्यात उभा राहिला आणि ओरडला, "थांबा! तो आलाय! जनाज्याला आलाय!"

मला वाटलं, ह्याचं डोकं फिरलं. झुबेदाखालानं तर मोठ्यानं कलमा पढायला घेतला.

मशिदीत घडलं ते असं. इद्रीस सकाळच्या आगबोटीनं आला होता. पडावातनं, म्हणजे लहान होडीतनं, किनाऱ्याला लागेपर्यंत जुम्याची वेळ होत आली, म्हणून घरी न येता सरळ मशिदीत शिरला. हौदावर हातपाय धुऊन वजू केलं आणि शेवटच्या रांगेत उभा राहिला. कमरेला कोलंबोची चट्ट्यापट्ट्याची लुंगी, दाढी वाढलेली, गालफडं आत गेलेली. कुणी ओळखला नाही. नमाज झाली तशी पुढनं काहीतरी सांगितलं गेलं, त्याच्यापर्यंत काही पोचलं नाही. सगळे परत रांग धरून उभे राहिले. त्यानं शेजारच्याला विचारलं, "कुणाचा जनाजा?"

तो म्हणाला, "इथलाच एक खलाशी. परमुलखात बुडाला."

इद्रीसला वाईट वाटलं. आपल्यातलाच कुणीतरी, दर्यावरचा. त्यानं हात उचलले. जनाज्याच्या नमाजेतल्या चारी तकबीर मन लावून पढला. त्या बिचाऱ्यासाठी दुआ मागितली, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. नमाज संपवून सलाम फिरवल्यावर बघतो तर सगळे गनीला मिठी मारतायत. माणसं सारत पुढे गेला, गनीचा खांदा धरला आणि म्हणाला, "दादा, आपल्यातलं कोण गेलं?"

गनीनं मान वर केली. बघत राहिला. म्हणाला, "तू."

आणि मटकन खाली बसला. इद्रीसला मागनं कुणीतरी धरलं. मशिदीतली अर्धी माणसं मागे सरली. गर्दी त्याला घेऊन इकडे निघाली आणि गनी पुढे धावत आला.

इद्रीस दारात आला तेव्हा आम्ही सगळ्या दगडासारख्या. तो मात्र एकटक शमीमच्या हाताकडे बघत होता. एका हातात बांगड्या भरगच्च, दुसऱ्यात अंगठ्याशी अडकलेली एक आणि वर बाकीच्या. काढलेल्या दोन माझ्या पदराखाली होत्या.

झुबेदाखाला बोलली. मला वाटलं, आता ही सगळं सांगणार. ती म्हणाली, "बघतोस काय मेल्या? तुझ्या बायकोनं मला हात लावू दिला नाही. ढकलून पाडली मला, हे बघ कोपर."

खोटं काहीच नव्हतं त्यात.

शमीम उठली नाही. पहिला शब्द बोलली तो असा, "कुठे होता तुमी?"

"कोलंबोत उतरलो होतो," तो म्हणाला. "सोलं संपलेली."

मग खाली बसून त्यानं सांगितलं. जहाज दिवसभर तिथं थांबणार होतं. खलाशांच्या सालनात घालायला आमसुलं राहिली नव्हती. ह्यानं विचार केला, माड आहेत, लाल माती आहे, मासळी आहे, तर ह्या गावात सोलं असणारच. एकटाच बाजारात हिंडला. बोली कळेना, तर जिभेवर बोट ठेवून तोंड आंबट करून दाखवायचा. शेवटी एका मुसलमान दुकानदारानं काळी, सोलांसारखीच आंबट फळं काढून दिली. हा एवढा खूश झाला की त्याच्या घरी जाऊन त्यांच्या चुलीवर बांगडा मासळीचं सालन केलं. सगळे जेवले. हा त्यांच्या पडवीत लवंडला तो डोळा लागला. बंदरावर आला तेव्हा जहाज गेलेलं, आणि होडी उलटलेली त्याला ठाऊकच नाही. पुढे पोलीस, चौकशी, परत छोटी बोट, मग आगगाडी मद्रासवरनं मुंबईला.

गनी म्हणाला, "गाढवा, एक तार करायची!"

"तार कशी करणार दादा? तार आली की घरात कुणीतरी गेलं असंच समजतात. हिनं उघडायच्या आधी छाती पिटली असती."

शमीमनं शेजारी होता तो पाण्याचा तांब्या उचलला आणि पुरा त्याच्या डोक्यावर ओतला. "आंबटापायी," म्हणाली. "आंबटापायी मला रांड करायला निघाला होता." आणि तेव्हा रडली, बुधवारपासून पहिल्यांदा.

त्यानंतर तिनं त्याला बोटीवर जाऊ दिलं नाही. मिरकरवाड्याला बंदराच्या वाटेवर त्यानं खानावळ टाकली. पडवीत चार बाकडी, आत चूल. तो मासळी करायचा, शमीम तांदळाच्या भाकऱ्या भाजायची, मी कधीकधी हाताखाली जायचे. आगबोटीचे उतारू जेवायला आले की तो ती गोष्ट काढणार म्हणजे काढणार. "साऱ्या राजिवड्यानं मला पोचवला. पण माझ्या बायकोनं बांगडीला हात लावू दिला नाही. खलाशाची बायको असावी तर अशी!" लोक वा वा करायचे. आत शमीमची भाकरी तव्यावर करपायची.

वर्षानुवर्षं हे ऐकलं आम्ही दोघींनी. मी काही बोलले नाही, तिनं काही काढलं नाही.

मग एका दुपारी, त्याचे केस पांढरे झाले होते तेव्हा, तो एका नव्या गिऱ्हाइकाला तेच सांगत होता. शमीम पिठाच्या हातानं बाहेर आली. इतक्या माणसांसमोर ती कधी यायची नाही. म्हणाली, "मी हात पुढे केला होता. ह्या भाबीनं दोन काढल्या होत्या. मी मानलं होतं तुमी गेलात म्हणून."

बाकड्यावरची माणसं घास हातात धरून तशीच.

इद्रीसनं तिच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "आणि मी गो? मी तर माझ्या नावानं रडून आलो. चार तकबीर पढलो. तुझ्या आधी मीच मला पोचवला, तुझं काय घेऊन बसलीस?"

ती तिथंच बाकड्याच्या कडेला बसली. तो तिच्याशेजारी. माणसं जेवत होती, उठत होती, दोघांना त्याचं भान नव्हतं. त्या दुपारच्या भाकऱ्या मग मीच भाजल्या.