मधल्या बोटाची दोन पेरं

आज सकाळी बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती विझली आणि जळक्या वातीच्या वासासरशी धंतोलीतल्या दवाखान्याची ती दुपार आठवली.

बाबा बुटीबोरीच्या सूतगिरणीत होते. पाळीवर निघण्याआधी ते मेणबत्ती लावून बुद्धाचे नऊ गुण आठवायचे. एकेका गुणाला एकेका पेरावर, खालून वर, अंगठा टेकवत करंगळी, अनामिका, मग मधलं बोट, अशी नऊ पेरं. इतके रेंगाळत, की डबा हातात घेऊन उभी असलेली मी चिडायचे.

दवाखान्यातही त्यांचा अंगठा फिरतच होता. पण मधल्या बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावला होता आणि त्यात वरची दोन पेरं झाकली गेली होती. सातव्या गुणानंतर अंगठा चिमट्याला अडायचा आणि बाबा पुन्हा करंगळीपासून सुरू करायचे. चार वेळा, पाच वेळा. चिमटा दुसऱ्या बोटाला लावावा, एवढं साधं मला सुचलं नाही. मी नुसती वैतागले होते.

"झाले का वं नऊ?" त्यांनी विचारलं. "मले काही समजून नाही राहिलं."

"झाले, बाबा. झोपा आता."

त्यांनी विश्वासाने हात जोडले. संध्याकाळी ते गेले.

तेव्हा वाटलं होतं, मी त्यांना शांत केलं. पण आठवा गुण 'बुद्ध', नववा 'भगवंत'. अगदी दारातून मी त्यांना परत फिरवलं.

आता रोज मी नऊही गुण म्हणते. मग अंगठा पुन्हा मधल्या बोटावर नेते आणि वरची दोन पेरं मोजते, बाबांची राहिलेली.