पहाटेची मोटर

मुलीला वाघोलीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि मी तिला घेऊन खोली शोधायला लागले. विचारायचे प्रश्न लिहूनच नेले होते: पाणी, गॅस, येण्याजाण्याची वेळ. पहिल्या दोन खोल्या आमचं आडनाव ऐकताच "कालच गेल्या" होत्या. तिसऱ्या घरच्या मालकीणबाई म्हणाल्या, "मुसलमान असून मराठी छान बोलता हो!"

"तुमचंही छान आहे, काकू," मुलगी हसून म्हणाली.

ही खोलीही गेली, असं समजून मी कागदाची घडी घातली. पण बाईही हसल्या. "तुमच्यात रोज मटण शिजतं ना?"

"आई रोज मेथी करते, काकू. मटणाची वाट मीही बघते. अजून काय ऐकलंय ते आत्ताच विचारून टाका."

त्यांनी खरंच विचारलं. शेवटी म्हणाल्या, "पहाटे नमाजासाठी उठतेस?"

"रोज."

"मग पाण्याची मोटर लावशील? पाणी पहाटेच येतं. आधीच्या मुली मेल्या उठायच्याच नाहीत."

खोली मिळाली. आता काकू शेजारणींच्या शंकाही जमवून ठेवतात आणि चहाच्या वेळी तिला विचारतात. त्याचा तिला कंटाळा येत नाही. तक्रार एकच, "आई, मी घरी आले तरी 'आता मोटर कोण लावणार?' म्हणून काकूंचा फोन येतो."